बांगड्याच्या कागदातला डॉक्टर

मासळी दुपारपर्यंत खपली नाही तर तिला मीठ लावून वाळत घालावी लागते. गोष्टींना मिठाची गरज नाही, त्या नुसत्या साठत जातात. मालवणच्या बाजारात मी वीस वर्षं पाटी घेऊन बसते आहे. रोज घरी जाताना पाटी रिकामी आणि डोकं भरलेलं. त्यातल्या पुष्कळ गोष्टी विसरले, पण गुलाबच्या दुखण्याची गोष्ट कोणी विसरू देत नाही. आमच्या ओळीत ती निघाली की सगळ्याजणी एकदम बोलतात आणि कोणीच सरळ सांगत नाही. म्हणून मी लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ज्याला ऱ्हस्व-दीर्घाचं पडलं असेल त्याने दुसरीकडे वाचायला जावं.

गुलाब माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, वासूची बायको. माहेर देवबागचं. बाजारात माझ्या उजव्या हाताला बसते. डाव्या हाताला म्हातारी बायो, जी आमच्या ओळीत सगळ्यात जुनी. एवढं लक्षात ठेवलंत की पुरे.

गुलाबचा आवाज म्हणजे देवाने दोन बायकांचा एकीला दिलेला. थंडीत सकाळी खाडीवर धुकं पडतं, स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. तेव्हा देवबागचे होडीवाले वल्ही थांबवून कान देत. बाजारातून "इसवण घेवा गोऽऽ!" ही तिची सुरमईची हाक ऐकू आली की म्हणत, "चला, धक्को इलो."

एकदा गुलाब दोन दिवस माहेरी गेली, तर एक होडी थेट खडकांना जाऊन लागली. होडीवाला कमरेपर्यंत भिजलेला तसाच बाजारात आला आणि मलाच ओरडला, "बाजार उघडो ठेवतास, नि भोंगो बंद?"

\*

दुखण्याचा पत्ता पहिल्यांदा लागला तो तात्या मास्तरांना.

मास्तर म्हणजे पेन्शनीत निघालेले प्राथमिक शाळेचे मास्तर. मला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे मी त्यांना जास्त बोलू शकत नाही. गुलाबला ती अडचण नव्हती. रोज सकाळी मास्तर तिच्यासमोर उभे राहून निम्मा भाव सांगायचे, आणि ती त्यांच्या सात पिढ्या बाहेर काढायची. तेवढं झाल्याशिवाय मास्तरांना आपण आंघोळ केली असं वाटत नसे.

एक दिवस मास्तरांनी निम्मा भाव सांगितला. गुलाबने त्यांच्याकडे बघितलं. सावकाश चार बांगडे उचलले आणि दिले. तोंडातून एक शब्द नाही!

मास्तर बांगडे हातात घेऊन माझ्याकडे आले. "गो पारू, गुलाबक काय झाला? माका शिवी घातल्यान नाय!"

"बरा झाला ना मास्तरानु. सवाय पडले, निम्म्या भावात."

"सवाय कसले गो? हे आता माझ्या घशाखाली उतरतले?"

आणि मागे जाऊन उरलेले पैसे गुलाबच्या पाटीत ठेवून आले. मालवणच्या बाजारात असं कधी घडलं नव्हतं.

\*

मग एकेक दिसायला लागलं. आवाज घोगरा झाला, जणू पाण्यातून बोलते आहे. चेहरा सुजला. भुवया बाहेरच्या टोकाला झडल्या. जेवण चिमणीचं आणि अंग म्हशीचं. वैशाखात, जेव्हा आम्ही पदराने वारा घेत बसायचो, तेव्हा ही घोंगडी पांघरून बसायची. मासा कापता कापता डोळा लागायचा. एकदा गिऱ्हाईक बाई तिच्यासमोर उभी, अर्धी सुरमई कापलेली, कोयता तसाच वर, आणि गुलाब झोपलेली. गिऱ्हाईक बाईने मला हळूच विचारलं, "उठवू, की उरलेला मासो उद्या नेवू?"

आमची सासू, तिला आम्ही आये म्हणतो, तिचं निदान पहिल्या दिवशीच झालं होतं. "आळस! खाता नि झोपता!"

आळशी सून घरात ठेवायची आयेची तयारी नव्हती. एक दिवस तिने सरळ सांगितलं, "शिमग्यापर्यंत बघतंय. नायतर तिका देवबागेक पोचवा. चेडवां हंयच रवतली."

चेडवां म्हणजे गुलाबच्या दोन मुली, सहा वर्षांची आणि चार वर्षांची. गुलाब चुलीजवळ बसली होती. तिने ऐकलं. डोळे भरायला सुद्धा तिला वेळ लागला. पाणी आलं ते आये उठून गेल्यावर.

वासू तिथेच जाळं शिवत होता. मी म्हटलं, "भावोजी, तुमका काय तोंड आसा की नाय?" तर म्हणतो, "आयेसमोर?" त्याच दिवशी मी ठरवलं, या घरात तोंड एकट्या माझ्याकडे आहे, ते मीच वापरायचं.

\*

आमच्या ओळीचं स्वतःचं निदान करण्याचं एक शास्त्र आहे. मासा ताजा की शिळा हे कल्ले बघून कोणीही सांगेल. आम्ही बोटाने दाबतो. खड्डा पडून तसाच राहिला तर शिळा. मांस उसळून वर आलं तर ताजा.

एका दुपारी बाजार उठल्यावर बायो म्हणाली, "हिच्या पायाक सूज आसा. दाबून बघूया."

गुलाबचा पाय पाटीवर ठेवला आणि ओळीतल्या सगळ्या बायकांनी आळीपाळीने नडगी दाबली. कोणाच्याही बोटाने खड्डा पडेना. बोट काढलं की जागा होती तशी!

बायोने निकाल दिला. "ताजी आसा गो! काय होना नाय तिका."

सगळा बाजार हसला. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. हे लक्षात ठेवा. मला नंतर लक्षात ठेवावं लागलं.

\*

आयेने देवाला गाऱ्हाणं घालायचं काढलं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान गावकरांचा, ते पुढे उभे राहिले, आम्ही सगळे मागे. गावकर जे मागतील त्याला आम्ही "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही रीत. तिथे अर्थ बघत कोणी बसत नाही, गावकरांचा श्वास थांबला की म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सुनेच्या अंगात जो आळस शिरलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझ्याही तोंडून सवयीने निघून गेलं! तेव्हा माझी मलाच चीड आली. मी पुढे झाले. "आळस नाय गावकरानु! दुखणा म्हणा! देवाक खोटा कित्याक सांगतास?"

गावकर थांबले. गाऱ्हाण्यात मध्येच बोललेलं त्यांच्या बापाच्या वेळेपासून कोणी ऐकलं नव्हतं. आयेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडाची ख्याती त्यांना ठाऊक होती. "ता जा काय आळस म्हणा, दुखणा म्हणा, ता दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग कौल लावला. देवाच्या मूर्तीवर उजवीकडे-डावीकडे फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आयेने विचारायला लावलं, सुनेला आत्ताच माहेरी पोचवू का? डावी पडली.

घरी आल्यावर आये म्हणाली, "आत्ता नको म्हणालो देव. शिमग्याक नको असा नाय म्हणालो."

\*

डॉक्टर केले नाहीत असं नाही. आमच्या गावातल्या डॉक्टरने लाल मिक्स्चर दिलं, रक्त कमी म्हणून. गुलाब लाल मिक्स्चर पिऊन झोपली. दुसऱ्याने हिरवं दिलं, पित्त म्हणून. ती हिरवं पिऊन झोपली. तिसऱ्याने इंजेक्शन दिलं, तर सुई टोचल्यावर चार मोजेपर्यंत थांबून मग "आई गो" म्हणाली. तो म्हणाला, अंगात पाणी झालंय, मीठ बंद आणि मासे बंद. मासे बंद! आमच्या घरात मासे बंद करायचे तर भिंती खरवडून काढाव्या लागतील.

मग मी तिला एस.टी.ने कुडाळला नेलं. तिथे एक हुशार डॉक्टर आहे म्हणून ऐकलं होतं. तासभर बसून नंबर लागला. गुलाब बाकावर भिंतीला टेकून झोपलेली. मी म्हटलं, झोपू दे, आधी मी सगळं सांगते. आत गेले आणि सांगितलं. सासूचं सांगितलं, दिराचं सांगितलं, मिक्स्चरांचे रंग सांगितले, गाऱ्हाण्याचं सांगितलं. डॉक्टर सगळं ऐकत होता. फार भला माणूस. मध्येच माझी नाडी धरली. जीभ बघितली. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या.

"बाई," म्हणाला, "तुम्ही फार चिडता. झोप शांत लागत नसेल. ही बाटली दोन वेळा घ्या. आणि सोबत कोणाला आणलंय का तुम्ही?"

"ती भायर झोपली हा ती."

"बघा! तुमच्या सोबतची बाई किती शांत आहे!"

मी काय बोलले ते लिहीत नाही. पण बाटली दिलेली होती ती घरी आणली आणि फळीवर ठेवली. माझ्या नवऱ्याने सगळी हकिकत ऐकून घेतली. आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आशेने विचारायला लागला, "पारू, ता तुझा औषध घेतलंस काय गो?"

\*

खरा डॉक्टर सापडला तो मात्र बांगड्यांत.

त्या वर्षी आम्ही पानांच्या जोडीला रद्दीतही मासे बांधून द्यायला सुरुवात केली होती. बायो एका कागदाचे दोन करायची, मधोमध फाडून. गुलाब झोपलेली दिसली की तात्या मास्तर बायोकडून बांगडे घेत. त्यांची एक खोड आहे. मासे खाण्याआधी ते मासे बांधलेला कागद वाचून काढतात. बायकोला म्हणे धुवायला मासे मिळतात ते वाचन संपल्यावर.

माघातली गोष्ट. मास्तर धावत बाजारात आले. पायात वहाण नाही, हातात तेलकट कागद. "पारू! ऐक!" आणि शाळेत वाचायचे तसं खड्या आवाजात वाचायला लागले. माणसाच्या गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड तिचं नाव. ती मंदावली की सगळं माणूस मंदावतं. उन्हाळ्यात थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, चेहऱ्याला सूज येते, भुवया टोकाला झडतात, लोक आळशी म्हणतात...

आम्ही सगळ्याजणी गुलाबकडे बघायला लागलो. गुलाब झोपली होती.

"फुडे, मास्तरानु?"

"यावर उपाय आहे. या रोगाचे जाणकार डॉक्टर..." मास्तर थांबले. "फुडचो कागद बायोन फाडल्यान!"

बायो कपाळाला हात लावून बसली. दुसरा अर्धा कोणाच्या घरी गेला? बाजारवालीला गिऱ्हाइकाचं नाव आठवत नाही, मासा आठवतो. बायो डोळे मिटून म्हणायला लागली, "मास्तरांच्या मागसून सुंगटा गेली, ती पानात दिलंय. तेच्या मागसून बांगडे... सहा बांगडे... एकाची शेपटी तुटलेली... लुसीबाय!"

लुसीबाय म्हणजे पावाच्या भट्टीवाल्याची बायको. मी, बायो आणि मास्तर तिच्या परसात पोचलो. लुसी कागद फुकट घालवणारी बाई नव्हे. तिने तो पुसून, वाळवून टोपलीत अंथरला होता, त्याच्यावर बारा अंडी ठेवली होती, आणि त्यांच्यावर कोंबडी बसवली होती.

"उठवू नको गो पारू! आजच बसवलंय. आता उठली तर परत बसूची नाय!"

"लुसीबाय, माणसाच्या जिवाचो प्रश्न आसा."

"नि ह्यो बारा जीवांचो!"

शेवटी तोड काढली. लुसीने कोंबडीची शेपटी दोन बोटं वर धरायची, आणि मास्तरांनी जमिनीवर पालथं पडून जेवढं दिसेल तेवढं वाचायचं. तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, चष्मा नाकावर, आणि नाक कोंबडीखाली!

"मुंबईत... मोठ्या सरकारी... इस्पितळात..."

"नाव वाचा, नाव!"

"नावावर अंडा आसा!"

लुसीने अंडं सरकवलं. कोंबडीने मास्तरांच्या टकलावर चोच मारली. मास्तर हूं की चूं न करता वाचत राहिले. "दर मंगळवारी आणि शुक्रवारी..."

"तां ठेवा! नाव?"

मास्तर उठून बसले. धोतराला शेण, टकलावर रक्ताचा ठिपका. "नाव नाय गो. थंय तेलाचो डाग. नाव बांगड्यान खाल्ल्यान."

\*

शिमग्याला महिना उरला होता. आम्ही दोघींनी आगबोटीने मुंबई गाठली. गुलाबला पडावातून, म्हणजे किनाऱ्यावरून नेणाऱ्या होडीतून, बोटीवर चढवताना चार खलाशी लागले, आणि ती चौघांच्या हातांवर झोपली. मुंबईत वासूच्या मामेभावाच्या खोलीत पाठ टेकली आणि मंगळवारी सकाळी इस्पितळात.

दारावर शिपाई. "कोणत्या डॉक्टरांना भेटायचंय?"

"नाव ठाऊक नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी असतात."

"सगळेच असतात बाई."

"गळ्याचे."

गळ्याचे म्हटल्यावर आम्हाला घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. तो म्हणाला, आ करा. गुलाबने आ केला. तो म्हणाला, घसा उत्तम आहे. तो पुढच्या केसपेपरकडे वळला तरी गुलाबचा आ मिटायचा होता. मग गळ्याच्या गाठी कापणाऱ्याकडे. त्याने मान चाचपून बघितली. "गाठ कुठे आहे?" मी म्हटलं, गाठ नाही. "गाठ नाही तर आलात कशाला?" मी म्हटलं, "गाठ येवची वाट बघूची काय?" तिथून शुक्रवारवर गेलं.

शुक्रवारी एका वॉर्डात पाठवलं. एक म्हातारे डॉक्टर, पांढरे केस, अंगाने काटकुळे, आणि सभोवती दहा-बारा शिकाऊ डॉक्टर. त्यांनी गुलाबला खाटेवर बसवलं आणि शिकाऊंना विचारलं, "बोला, काय आहे?"

एक म्हणाला मूत्रपिंड. एक म्हणाला हृदय. एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "सर, पायाला सूज आहे, अंगात पाणी साठलंय."

माझ्याने राहवलं नाही. "पाणी नाही हो! पाणी असतं तर खड्डा पडला असता. आमच्या बाजारात सगळ्यांनी दाबून बघितलंय. खड्डा पडत नाही!"

शिकाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू खाटेने तोंड उघडलं. म्हातारे डॉक्टर हळूच माझ्याकडे वळले.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. ते वाकले, गुलाबची नडगी अंगठ्याने दाबून धरली, सोडली. खड्डा नाही. मग एका छोट्या हातोडीने तिच्या टाचेच्या वर टक् केलं. पाऊल झटकलं खरं, पण परत जागेवर येताना असं आलं, जसा वासू जाळं सोडून जेवायला येतो.

"बाई, तुम्ही काय करता?"

"मासे विकतंय."

ते शिकाऊंना म्हणाले, "तुम्ही पाच वर्षं पुस्तकं दाबलीत. यांनी पाय दाबला."

बाजारात मी हसले होते ते तेव्हा मला आठवलं. खड्डा पडला नाही, हाच रोगाचा पुरावा होता, आणि आम्ही त्याच्यावर दात काढून बसलो होतो.

मग त्यांनी विचारलं, "हिचा आवाज आधी कसा होता?"

आता आवाज कसा सांगणार? मी उभी राहिले, पदर खोचला आणि गुलाबसारखी आरोळी दिली. "इसवण घेवा गोऽऽ!"

शेजारच्या वॉर्डातून नर्स ट्रे टाकून धावत आली. कोपऱ्यातल्या खाटेवरचा, चार दिवस न बोललेला पेशंट उठून बसला आणि म्हणाला, "काय भावान?"

\*

खात्री करायला एक तपासणी केली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर हे एवढं यंत्र. त्याच्यावर काटा रेघा ओढत होता. अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी एका शिकाऊने कागद वाचून मला समजावलं, "यंत्र सांगतंय की यांच्या शरीराचं सगळं काम मंद चाललंय."

मी म्हटलं, "एवढा तां आमची सासू फुकट सांगत होती!"

पण म्हाताऱ्या डॉक्टरांनी औषध दिलं. बारक्या गोळ्या. रोज एक, जन्मभर, एकही दिवस चुकवायचा नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी थंडी जाईल, मग सूज, मग झोप. आवाज सगळ्यांत शेवटी. धीर धरा."

मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. बांगड्याने पोटात ठेवलंय, माझ्या पोटात राहायला काय झालं!

\*

शिमग्याला गुलाब होळीभोवती स्वतःच्या पायांनी फिरली, दोन्ही मुलींचे हात धरून. घोंगडी घरी. आये बघत होती. देवबागेचं नाव तिने काढलं नाही. फक्त विचारलं, "त्या गोळयेत काय आसा?"

मला खोटं बोलता येत नाही. "मेंढराच्या गळ्यातली ती गाठ. वाळवून भुकटी केलेली."

आयेने विचार केला. "मगे ता मेंढरू काय करता?"

"ता मेला आये."

तेव्हा एवढ्यावर भागलं. पण श्रावण आला, आणि आमच्या घरात श्रावणात मांसाला शिवत नाहीत. मासे विकायचे, खायचे नाहीत. आणि इथे सून रोज सकाळी देवासमोर मेंढराचा गळा गिळते! आयेने गुलाबच्या कानात सांगितलं, एक महिनाच. गुलाब मुळातली भाविक. दोघींनी मिळून गोळ्यांची बाटली देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटामागे ठेवली आणि मला कळू दिलं नाही.

चतुर्थीला आरतीच्या वेळी बघते तर गुलाब घोंगडी पांघरून, हातात टाळ, आणि टाळ एका आरतीला एकदाच वाजला!

बाटली सापडली. मग मी जी बोलले ती गणपतीने सुद्धा ऐकली असेल. आये हटेना. "गोळी मांसाची की औषधाची, ता देवाक विचारूया."

गावकर हबकले. "असला देवाक कधी विचारूक नाय गो आये." पण कौल लावला. पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही जी मेंढराची..." एवढंच म्हणाले, तोच उजवी पाकळी टपकन पडली!

आये म्हणाली, "पुरो प्रश्न तरी ऐकल्यान काय देवान?"

मी म्हटलं, "देवाक लगेच कळता आये. तुमका वेळ लागता."

गोळी पुन्हा सुरू झाली. आता रोज सकाळी आये स्वतः हातावर काढून देते, आणि गुलाबने गिळल्यावर तिला तोंड उघडून दाखवायला लावते.

\*

दिवाळी झाली. थंडी गेली, सूज गेली, झोप गेली. आवाज तेवढा येईना. गुलाब बसायची, मासे कापायची, बोटांनी भाव दाखवायची. धक्क्यावर होडीवाले धुक्यात रॉकेलचा डबा बडवून घेत होते. तात्या मास्तर रोज येऊन मुकाट्याने पूर्ण भाव देऊन जात होते. एवढ्या दिवसांत माणूस अर्धा झाला होता.

एक दिवस दाट धुकं पडलं होतं. पाटीतले मासे सुद्धा नीट दिसत नव्हते. मास्तर आले, गुलाबसमोर उभे राहिले. बांगडे बघितले. काय मनात आलं कोण जाणे, खाली मान घालून, अगदी बारीक आवाजात त्यांनी निम्मा भाव सांगितला.

गुलाबने कोयता खाली ठेवला. उठून उभी राहिली. पदर खोचला. आम्ही सगळ्याजणी बघत राहिलो. तिने एकदा घसा खाकरला, आणि सुटली!

"अरे मेल्या मास्तरा! तीस वर्सां पोरांक पाढे शिकवलंस, नि तुका निमपटीच्या फुडे येना नाय?"

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"व्हय म्हाराजा!"

"बांगडो व्हयो ताजो, नि भाव व्हयो कुसक्याचो?"

"व्हय म्हाराजा!" आता बायोने पण हात जोडले.

"तुझ्या चुलीर मांजर झोपांदे, नि तुझ्या ताटात काटे पडांदे!"

"व्हय म्हाराजा!" ही सगळी ओळ. पाववाली लुसी सुद्धा.

"नि ह्या सगळ्या बाजारान माझो पाय दाबल्यान तेव्हा दात काढल्यान, तेंका पण फटकी येवांदे!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं.

आणि धुक्याच्या आतून, खाडीच्या अंगाने, न दिसणाऱ्या कुठल्यातरी होडीतून उत्तर आलं,

"व्हय म्हाराजा! धक्को इलो रेऽऽ!"